गोविंद तेवढा माझा

"पुढे?" श्यामलाक्का म्हणाल्या.

हयवदनचं बोट पानावरच्या एका ओळीखाली अडकून राहिलं होतं.

मल्लेश्वरममधल्या अप्पासाहेबांच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी तो मराठी कादंबरी वाचून दाखवत असे. ऐकणारे तिघंच. बँकेतून रिटायर झालेले अप्पासाहेब, त्यांची थोरली बहीण श्यामलाक्का आणि समोरच्या घरातल्या शिवलीलाबाई. तिघांचं घरचं बोलणं मराठी, पण शाळा कन्नड. छापील मराठीत ते पानभरात दमत. त्यामुळे पुस्तकात काय आहे, तर हयवदन सांगेल ते.

आणि हयवदनने गोदावरीचा गोविंद केला होता.

पुस्तकात रेवतीचं प्रेम होतं गोदावरीवर. पहिल्या शनिवारी ते नाव तोंडाशी आलं, तिघंही कौतुकाने त्याच्याकडे बघत होते, आणि तोंडातून गोविंद निघाला. मग मागे फिरता येईना. घरच्यांचा एवढा विरोध का, असं शिवलीलाबाईंनी विचारलं तेव्हा त्याने गोविंदची जात वेगळी सांगून वेळ मारून नेली. शनिवार सोडला तर हयवदनला धड चार वाक्यं बोलायलाही कुणी नव्हतं. हा हॉल गमावायची त्याची तयारी नव्हती.

पण आजच्या पानावर रेवती बापासमोर उभी होती. ती जे बोलत होती त्यात गोविंद कुठेच मावत नव्हता.

"थांबलास का? वाच की," अप्पासाहेब खुर्चीत पुढे सरकले. "त्या बापाला कुणीतरी जाब विचारायलाच हवा. पोरीने प्रेम केलंय, चोरी तर नाही ना केली? अजून जात घेऊन बसलाय!"

हयवदनने घसा साफ केला. काहीतरी जुळवावं म्हणून तो शब्द शोधू लागला. सुचलंही एक वाक्य. त्याने ते मनात म्हणून पाहिलं. छापलेल्या वाक्याशेजारी ते इतकं दरिद्री दिसलं की त्याची त्यालाच लाज वाटली.

त्याने जसंच्या तसं वाचलं.

"रेवती म्हणाली, 'हो, बाई आहे ती. गोदावरी बाईच आहे, आणि माझं प्रेम तिच्यावरच आहे. हे मी मान खाली घालून सांगणार नाही.'"

"ही गोदावरी कोण मधेच?" शिवलीलाबाईंनी विचारलं.

"गोविंद," हयवदन म्हणाला. "म्हणजे, पुस्तकात गोविंद नाहीच. गोदावरी आहे. पहिल्यापासून."

अप्पासाहेब उभे राहिले. "इतके आठवडे फसवलंस आम्हाला?"

हयवदनच्या ओठांवर सवयीने माफी आली. आपल्या पायावर पाय देणाऱ्याचीही तो माफी मागत आला होता. या वेळी त्याने ती गिळली.

"गोविंद तेवढा माझा," तो म्हणाला. "प्रेमातला एक शब्दही मी बदललेला नाही."

"रेवतीच्या तापात रात्रभर उशाशी बसला होता तो?" शिवलीलाबाई.

"गोदावरी बसली होती."

"आणि तिच्या वेणीत मल्लिगेचा गजरा माळला तो?"

"तिनेच."

"तरीच!" श्यामलाक्कांनी मांडीवर थाप मारली. "मी मनात म्हणतेय, अय्यो, बाप्या माणूस असून याला मऊ भात कालवून भरवायचं सुचतं कसं!"

शिवलीलाबाईंना हसू फुटलं. ते त्यांनी पदराआड केलं.

"अक्का, हसण्यावारी नेऊ नकोस," अप्पासाहेब म्हणाले. "असलं माझ्या घरात चालणार नाही."

"मघाशी तूच म्हणालास ना, चोरी तर नाही केली?"

"ते गोविंदबद्दल!"

"सरी, ठीक. गोविंदने केलं की प्रेम. गोदावरीने केलं की काय रे?"

अप्पासाहेब हयवदनकडे वळले, आणि एकदम त्यांचा आवाज खाली आला. माणूस तसा वाईट नव्हता.

"हे बघ, दोनच प्रकरणं राहिलीत. गोविंदच ठेव. स्वल्प जुळवून घे. आपण काही ऐकलंच नाही असं समजू. आपला शनिवार आहे तसा चालू राहील."

एवढं सोपं होतं. आजवर हयवदनने यापेक्षा कितीतरी लहान गोष्टींसाठी मान डोलावली होती.

"नाही," तो म्हणाला. आवाज बारीक निघाला, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं, "नाही. गोविंद आता येणार नाही."

त्याने पुस्तक मिटलं आणि तो बाहेर पडला. फाटकापाशी येऊन थांबला. तो तिथेच, रस्त्याकडच्या पायरीवर बसला. घरी जावं, असं वाटलं. पण रेवती अजून बापासमोर उभी होती. त्याने पुस्तक उघडलं आणि समोर कुणी नसताना वाचायला सुरुवात केली. कुत्र्याला फिरवणारी एक मुलगी त्याच्याकडे बघत पुढे गेली.

मागे खुर्ची फरपटल्याचा आवाज झाला. श्यामलाक्का वेताची खुर्ची ओढत येत होत्या. मागून शिवलीलाबाई, हातात दुसरी खुर्ची.

"पळाल्या का रे दोघी?" श्यामलाक्कांनी बसता बसता विचारलं.

"आधी सांगणार नाही. वाचतो."

"वाच तर." त्यांनी पदर सावरला, एकदा घराच्या उघड्या दाराकडे पाहिलं. "आणि मोठ्याने वाच. अप्पा आत एकटाच बसलाय."