भात्यातली पानं

"राणीसरकारांना तो कँटाटा डोळे मिटण्याआधी एकदा ऐकायचा आहे," टिल्के म्हणाला. राजवाड्याच्या गायकवृंदाचा हा प्रमुख सकाळपासून क्रेचमारच्या घरातली कपाटं उपसत होता.

झिबिलानं सलगम सोलता सोलता नुसती मान हलवली. तिचा नवरा क्रेचमार, गावच्या चर्चचं गाणं-बजावणं सांभाळणारा कँटर, वसंतातच गेला होता. त्यानं रचलेली सगळी भजनं, सगळ्या सुरावटी जागच्या जागी होत्या. फक्त त्या कँटाटाच्या सुरावटीचं बाड नव्हतं.

अठरा वर्षांपूर्वी देवीच्या साथीत राणीचा सहा वर्षांचा मुलगा दगावला. त्याच्यासाठीचा तो कँटाटा, म्हणजे वृंदानं गायची ती दीर्घ रचना, राजवाड्याच्या चर्चमध्ये एकदाच गायला गेला. कधी न हलणारा राजासुद्धा त्या दिवशी मान खाली घालून बसला होता. पुढं राजवाड्याला आग लागली, तिथल्या प्रती जळाल्या. मूळ बाड उरलं ते या घरात.

"क्रेचमारांनी पुन्हा तसं काही लिहिलं नाही," टिल्के म्हणाला.

"नाही लिहिलं."

झिबिलाची सुरी थांबली. त्याच साथीत, त्याच आठवड्यात तिच्या दोन्ही मुली गेल्या होत्या. मार्था नऊची, ऊर्सेल चारची. त्यांना पुरून आल्यावर क्रेचमार खिडकीपाशी बसला तो बसूनच राहिला. मुलींसाठी त्यानं एक ओळ लिहिली नाही. आणि तीन आठवड्यांनी राजपुत्रासाठी हे! सगळं चर्च रडत होतं, ती कोरड्या डोळ्यांनी बाकावर बसली होती. त्या दिवसापासून तिनं नवऱ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. का, ते त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं कधी आपली बाजू मांडली नाही.

"शोधू नका, साहेब," ती म्हणाली. "ते मीच देऊन टाकलं."

मग तिनं सगळं सांगितलं. गेल्या वर्षी गावच्या चर्चचा ऑर्गन दुरुस्त करणारा कारागीर त्याच्या हवेच्या भात्याला आतून चिकटवायला जाड, जुने कागद मागत आला होता. नवरा परगावी होता. तिनं बाड न उघडताच त्याच्या हवाली केलं. नंतर क्रेचमार महिनाभर घर धुंडाळत राहिला, आणि त्याच्याबरोबर तीही शोधल्यासारखं करत राहिली.

टिल्केनं तिला एका शब्दानं दुखवलं नाही. नुसता कोट चढवून तो चर्चकडं निघाला. तीही शाल घेऊन त्याच्यामागून निघाली.

भाता उघडेपर्यंत दुपार झाली. टिल्के ऊन पाण्यात फडकं बुडवून सरस मऊ करायचा आणि एकेक पान सोडवायचा. दोन-चार फाटली, बाकीची निघाली. पहिल्या पानावर क्रेचमारचं नाव त्याच्याच ठसठशीत अक्षरात होतं. झिबिलानं त्यावरून बोट फिरवलं.

"माणूस वाईट नव्हता हो," ती हळूच म्हणाली. "पण पोटच्या पोरींपेक्षा राजाचं लेकरू त्याला जवळचं झालं, एवढंच मला गिळता आलं नाही."

शेवटचं पान निघालं. त्याच्या पाठीवर सुरावट नव्हती, मजकूर होता. टिल्केनं तो वाचला आणि पान छातीशी धरलं.

"द्या इकडं," तिनं हात पुढं केला. "मला वाचता येतं."

अक्षर बारीक होतं, उजवीकडं झुकलेलं. नवऱ्याचं नव्हतं. खाली राणीची सही होती.

'क्रेचमार, माझ्या बाळासाठी हे मीच लिहिलं आहे. राणीनं असं उघड्यावर रडलेलं महाराजांना चालणार नाही, म्हणून वर तुमचं नाव घाला, आणि शपथ आहे, घरच्या माणसालाही सांगू नका. तुमच्या मुली गेल्यापासून तुमच्या हातून एक सूरही उतरत नाही, हे मला कळलं आहे. तुमच्याकडे हे मागताना मला लाज वाटते.'