सासऱ्यांचा नमुना

लॅबमधल्या त्या दोघी सख्ख्या जावा, पण कित्येक महिने अबोला. रक्ताचा नमुना तापवून त्यातले विषाणू मारायचे, हे थोरलीचं काम. मग तपासणी धाकटीची. आज नमुना हॉस्पिटलात दाखल असलेल्या सासऱ्यांचा होता.

"काहीजणी न तापवताच तापवलं म्हणतात," धाकटीने भिंतीला ऐकवलं.

"काहीजणींनी आपलं तोंड सांभाळावं," थोरलीनेही भिंतीलाच सुनावलं.

तिची पाठ वळताच धाकटीने नमुना पुन्हा तापवला. लिव्हरचे आकडे नॉर्मल आले; डॉक्टरांनी सासऱ्यांना घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सासरे कोसळले, तेव्हा धाकटीला बोलावंच लागलं. "जाऊबाई, नमुना मी परत तापवला होता. जास्त तापला की आकडे खोटेच खाली येतात..."



"परत? तू नावं ठेवशील म्हणून मीच दोनदा तापवला होता!"