मधलं खोकं

पडद्यावरची बाई बोलत होती आणि मेस्त्री डोळे ताणून तिच्या ओठांकडे बघत होता. मागे व्हायोलिन वाजत होतं, ते स्पष्ट. तिच्या खिडकीबाहेरून आगगाडी गेली, ती तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ऐकू आली. बाई काय म्हणाली ते मात्र नाही. बाई हसली. शेजारी बसलेली बायको खुदकन हसली. मग मेस्त्रीही हसला, जरा उशिरा, गेले तीन महिने हसत होता तसाच.

समोरच्या खुर्चीत जावई चहा घेत होता. टीव्हीला जोडायचा हा आवाजाचा संच त्यानेच भेट दिलेला. मेस्त्रीने तो स्वतःच्या हाताने बसवला होता, कारण दुसऱ्याने वायरीला हात लावलेला त्याला खपत नसे. आणि संच लागला त्या दिवसापासून सिनेमातली माणसं मुकी झाली होती. आवाज वाढवावा तर व्हायोलिन अंगावर यायचं, माणसं मुकीच.

इंजिन न खोलता रोग सांगणारा म्हणून मेस्त्रीचं नाव होतं. गाडी फाटकातून आत वळेपर्यंत हा फडक्याला हात पुसत म्हणायचा, "पुढचं डावं बेअरिंग." आणि तेच निघायचं. याच्या कानांवर गॅरेज उभं आहे, असं गिऱ्हाइकं म्हणत. तोही ते खोटं मानत नसे.

मागच्या आठवड्यात तसाच खडखडाट करत एक गाडी आली. त्याला बेअरिंगच ऐकू आलं, पण तोंडातून शब्द फुटेना. ज्या कानांना माणसाचं बोलणं कळत नाही, त्यांचं काय खरं? तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने आधी चाक खोललं आणि मग निदान सांगितलं. बेअरिंगच होतं. तरी त्याचा जीव थाऱ्यावर येईना. आज बरोबर आलं, उद्या एखाद्याचा ब्रेक ऐकू आला नाही तर? घरात बायकोचं, गॅरेजात गिऱ्हाइकांचं बोलणं कळायचं, पण ते इतक्या वर्षांच्या सवयीने कळत असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. डॉक्टरकडे जायची छाती होत नव्हती. बायकोला तर सुगावाही लागू द्यायचा नव्हता. तिचे कान शाबूत होते, हेच नशीब. ती हसली की हा हसायचा, तिने सुस्कारा टाकला की हा मान हलवायचा.

शेवटी मनाचा हिय्या करून त्याने आज जावयाला बोलावलं होतं. गॅरेज विकायचंय, कोणी घेणारं बघा, एवढंच सांगायचं होतं. चहा झाला की सांगू, असं करता करता दुसरा कप आला.

जावयाने कप खाली ठेवला. "बाबा, एक विचारू? ही माणसं बोलत का नाहीयेत?"

मेस्त्री हातातल्या बशीसकट त्याच्याकडे वळला. "म्हणजे? तुम्हालाही ऐकू येत नाहीये?"

"येणार कुठून? आवाजच नाहीये त्यांना."

जावई उठून टीव्हीच्या मागे वाकला. "मी पाच स्पीकर दिले होते. इथे दोनच दिसतायत, तेही तुमचे जुने."

"जुने असले तरी ठणठणीत आहेत. माणसाला कान दोन, खोकी दोन. तुमची पाच माळ्यावर ठेवलीयत. म्हटलं, स्टेपनी असू दे."

जावयाने ओठ दाबून हसू आवरलं. "अहो बाबा, सिनेमाचा आवाज पाच वाटांनी येतो. संगीत, गाड्या-बिड्या बाजूंनी. बोलणं जवळजवळ सगळं मधल्या खोक्यातून. पाचही लावलेत, असं वाटतंय संचातल्या या यंत्राला. ते बिचारं बोलणं मध्ये पाठवतंय, आणि मध्ये कोणी नाहीच."

"मग माळ्यावर चढू?"

"कशाला? दोनच आहेत म्हणून सांगायचं त्याला. मधल्याचा वाटा ते या दोघांना वाटून देतं."

पडद्यावर स्पीकरची यादी उघडली. जावयाने पाचाचे दोन केले आणि सिनेमा थोडा मागे नेला.

बाई पुन्हा हसली आणि म्हणाली, "डॉक्टरांनी दोनच महिने सांगितलेत. आईला कळू देऊ नकोस."

मेस्त्रीला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. तिच्या घशात अडकलेला आवंढासुद्धा ऐकू आला. त्याने बशी खाली ठेवली आणि दोन्ही हात तोंडावरून फिरवले. डोळे भरून आले होते. बाईचं पुढे काय होणार याचं त्याला काडीचंही दुःख नव्हतं. तीन महिने छातीवर बसलेला धोंडा उतरला होता आणि त्याला उठून नाचावंसं वाटत होतं.

"तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं ना?" जावयाने विचारलं.

"मला? छे! बसा हो, पुढचं ऐकू."

आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो हळूच बायकोकडे वळला.

"ती बाई मरणाच्या गोष्टी करतेय. तू हसलीस कशाला?"

बायकोने पदराने डोळे टिपले. ती रडत होती की हसत होती, सांगता येत नव्हतं.

"ती हसत होती म्हणून," ती म्हणाली. "मला कुठे काय ऐकू येत होतं? उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाणार होते, तुम्हाला भाजीला जाते म्हणून सांगून."