पेसाखचे तांदूळ

तांदळातल्या त्या काळ्या खड्यावर एक पांढरी रेघ होती. आईने तो चिमटीत धरला, उजेडात फिरवला आणि वाटीत टाकला. रोजच टाकायची. ती झोपली की येरुशा वाटीतले खडे पुन्हा त्याच तांदळात मिसळायची. वडील गेल्याचं आई विसरली होती. येरुशा कॉलेजात शिकवत असताना आईच्या हाताला काम नसलं, तर ती त्यांना शोधत रस्त्यावर जायची.

ओसरीत मामा पेसाखच्या सणासाठी मिसर देशातल्या ज्यूंच्या गुलामीची गोष्ट हिब्रूतून वाचत होते. येरुशाने मध्येच विचारलं, "मामा, पेरेख म्हणजे?"

"क्रूरपणा. पण चाबकाचा नव्हे, बाय. ज्याचा कुणाला उपयोग नाही आणि जे कधी संपत नाही, असं काम करायला लावणं. जुनी माणसं असा अर्थ सांगतात."

सूप हातात असलं की आई गुणगुणायची, पोटभर जेवायची. मग हे क्रूर कसं? आणि क्रूर नसेल, तर खडे मिसळताना आपण दार का लावून घेतो? येरुशाला दोन्ही खरं वाटत होतं.

"हा मेला रोज कुठून येतो गं?" आईने वाटीतून तोच खडा उचलला. "का माझंच डोकं फिरलंय?"

"नाही आई." कित्येक आठवडे ओठांवर येऊन परतलेलं येरुशा अखेर बोलली. "हे तांदूळ आज शिजवू या. उद्यापासून मी कॉलेजात जाणार नाही, घरीच आहे."