अंबादासचा चष्मा

अठ्ठ्याहत्तरच्या निवडणुकीची सभा धरमपेठेत रंगली होती. पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष समाजाला लागलेली कीड आहेत, असं आमदार भैय्याजी ओरडून सांगत होते, तेवढ्यात कार्यकर्त्यांनी तसल्याच एकाला बागेतून पकडून मंचावर आणलं. भैय्याजींनी त्याला लगेच ओळखलं. तो अंबादास होता. त्याच्या सदर भागातल्या खोलीवर ते कित्येक वर्षं चोरून जात. आता यानं तोंड उघडलं तर? अंबादासनं मात्र मान खाली घातली. "तुमच्याच हातानं याच्या तोंडाले काळं फासा!" कार्यकर्त्यांतल्या रुपरावनं वंगणाचा डबा पुढे केला. भैय्याजींनी आधी अंबादासचा चष्मा अलगद काढला, काड्या मिटल्या आणि सवयीनं स्वतःच्या खिशात ठेवला. मग डब्यात बोटं बुडवली. "भैय्याजी," रुपरावनं हळूच विचारलं, "याचा चष्मा तुमच्या खिशात काहून ठेवला जी?"