गुरगुर

सूनबाईने झाडूच्या दांड्याला बांधलेला रबरी हातमोजा गुंड्याच्या भांड्याकडे सरकवला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या आजोबांनी श्वासच रोखून धरला.

परीक्षा साधी होती. जेवताना हात जवळ आला तर कुत्रा काय करतो, ते बघायचं. महिन्यापूर्वी खराच हात जवळ गेला होता, सूनबाईचा, आणि गुंड्याने आवाज नाही, इशारा नाही, सरळ मनगटच धरलं. सात टाके पडले. चावरं कुत्रं सांभाळायला दुसरं कुणी तयार होईना. आता आज पास झाला तर राहील, नाही तर चार वाजता दवाखान्यात कायमचं झोपवायचं इंजेक्शन. "बाबा, घरात चार वर्षांची चिमी आहे," ती म्हणाली होती. त्यात तिचं चुकलं तरी काय होतं?

चूक सगळी आजोबांची. पिल्लू होता तेव्हा गुंड्या जेवताना गुरगुरायचा. आजोबा पेपरची गुंडाळी करायचे आणि दर वेळी एक ठेवून द्यायचे. सहा महिन्यांत कुत्रा चिडीचूप. केवढी फुशारकी मारली होती त्यांनी गल्लीभर! कुत्र्यांना शिकवणाऱ्या बाई आल्या आणि पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काका, तुम्ही त्याचं चावणं नाही बंद केलं. चावण्याआधी सांगणं बंद केलंत."

तेव्हापासून, सूनबाई कामावर गेली की, घरात उलटी शाळा भरू लागली. हात पुढे न्यायचा, गुंड्या जरासा जरी गुरगुरला तरी हात मागे घ्यायचा आणि वर चिकनचा तुकडा द्यायचा. शाब्बास, सांगितलंस! बाईंशी तो आता घशातल्या घशात छान बोलायचा. आजोबांचा हात दिसला की मात्र गप्प. बाईंनी दोन महिने मागितले होते. सूनबाईने तीन आठवडे दिले, आणि वर म्हणाली, "बाई नसतानाच बघू. त्या काय इथे राहणार आहेत?"

मोजा भांड्याला टेकला. गुंड्याने खाणं थांबवलं. मान ताठ, शेपूट ताठ, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसायला लागलेलं. तोंडातून हूं नाही की चूं नाही.

सूनबाईने मोजा मागे घेतला आणि हसली. महिन्याभरात पहिल्यांदाच.

"अहो बाबा, सुधारला की हा! आवाजसुद्धा काढला नाही. मीच उगाच घाबरत होते. उद्यापासून चिमीच वाढू दे याला, केव्हाची मागे लागलीये." आणि दवाखान्यात फोन लावून ती वेळ रद्द करायचीय म्हणाली; तिकडून जरा थांबायला सांगितलं.

आजोबांनी नुसतं गप्प बसायचं होतं, बस्स. गप्प बसलं की गुंड्या वाचत होता. पण उद्या त्या भांड्यावर नातीचा हात असणार होता, एवढासा. आणि बोललं तर चार वाजता... देवा, कसल्या पेचात टाकलंस रे!

"थांब पोरी. एकदा मला बघू दे."

भिंतीला धरत ते खाली बसले. मोजा नाही, काठी नाही. उघडा हात त्यांनी भांड्याकडे नेला. गुंड्या पुन्हा तसाच ताठ झाला.

"गुरगुर रे राजा," ते म्हणाले. "एकदाच. मी नाही मारणार. गुरगुर ना रे."

सूनबाईचं हसू विरलं. चावला त्या दिवशीही तो असाच गप्प होता. तिने त्या ताठलेल्या मानेकडे पाहिलं, मग सासऱ्यांच्या उघड्या हाताकडे, आणि कानाला लावलेला फोन नकळत खाली घेतला.

"हॅलो?" फोनमधून आवाज येत होता. "चारची वेळ रद्द करायची आहे का? हॅलो?"