परतीचं जेवण

"हे ताट कुणाचं, साहेब?" दाढीवाल्याने विचारलं.

"सव्विसावी रांग. कडेची सीट."

"माझ्याकडे आलेल्या यादीत तर नाही."

"आता आहे."

दाढीवाला विमानांना जेवण पुरवणाऱ्या त्या स्वयंपाकघराचा मुख्य आचारी होता. दाढीला जाळी लावून फिरायचा, आणि साहेबाशी वाद घालण्यात अर्थ नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. साहेब परक्या मुलखातून आलेला मॅनेजर, नियमांच्या बाबतीत महाखडूस. हातात सदानकदा थर्मामीटर, दिसेल त्या पातेल्यात खुपसायचा. पाठीमागे सगळे त्याला थर्मामीटरच म्हणायचे. घरून आणलेलं सफरचंद ओट्यापाशी खाल्लं म्हणून त्याने एका जुन्या कामगाराला तडकाफडकी घरी बसवलं होतं. तोच आज बाह्या सारून, एकाच माणसापुरता मऊ भात शिजवत होता.

"मीठ जरा चढवू का? विमानात जीभ मंदावते," दाढीवाला म्हणाला.

"नको. तिला खारट चालत नाही."

दाढीवाल्याने भुवया उंचावल्या.

"आई येतेय माझी," साहेब भाताकडे बघत म्हणाला. "केबिनमधल्या मुलीला बजावून ठेव. कुणी केलंय ते आईला सांगायचं नाही."

विमान इथून रिकामं थोडंच जायचं? जातानाचं जेवण तर चढायचंच, पण तिकडच्या, म्हणजे साहेबाच्या मुलखातल्या, स्वयंपाकघरावर कंपनीचा भरवसा नव्हता. म्हणून येतानाचं जेवणही इथूनच, थंड करून, गाड्यांत बंद होऊन जायचं. साहेबाला इतकी वर्षं या पद्धतीचा वैताग होता. आज पहिल्यांदाच त्याला ती सोन्यासारखी वाटली. आई विमानात बसून त्याच्या हातचं जेवणार होती आणि तिला त्याचा पत्ताही लागणार नव्हता.

नाहीतर ती जेवली नसती. वडील गेले तेव्हा इथे एका नव्या विमान कंपनीचं पहिलं उड्डाण होतं. जेवण वेळेवर विमानात चढलं, मुलगा चढला नाही. खांदा धाकट्याने दिला. "तुझ्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही," एवढंच आई फोनवर म्हणाली होती. आणि ती एकदा बोलली की बोलली. पुढे त्याने फोन केला की ती "कोण बोलतंय?" असं विचारायची आणि फोन धाकट्याच्या हातात द्यायची. पोटच्या पोराचा आवाज न ओळखण्याचं हे सोंग त्याला जिव्हारी लागायचं. वडिलांवर रागावली की ती त्यांनाही असंच वागवायची. मग त्याने फोन करणंच कमी केलं.

आणि गेल्या आठवड्यात धाकट्याचाच फोन आला.

"दादा, आईला तुझ्याकडे पाठवतोय."

"ती तयार आहे?"

"नाही म्हणत नाही आता."

"आणि राग?"

"राग कसला घेऊन बसलास? तसलं काही उरलेलं नाही रे."

"परतीचं तिकीट कधीचं काढलंस?"

"ते बघू ना सावकाश. हीसुद्धा दमलीय फार." धाकटा कधी नव्हे इतका गोड बोलत होता. "व्हीलचेअर सांगितलीय. गळ्यात तुझ्या नंबराचं कार्ड अडकवतोय. एवढ्या गर्दीत चुकामूक नको."

त्या दिवशी साहेबाने स्वयंपाकघरात कुणालाच झापलं नाही. तरी त्याला धाकधूक होतीच. राग गेला असेल, पण शब्द? तो मोडायचा तर तिच्या नकळतच मोडायला हवा होता. एकदा चार घास पोटात गेले की मग तिला हसत हसत सांगायचं. ती चिडेल, डोळे पुसेल, आणि संपेल एकदाचं.

विमान उतरलं तेव्हा साहेब घ्यायला जाण्याआधी धुण्याच्या विभागात जाऊन उभा राहिला. व्हीलचेअरवाले सगळ्यांत शेवटी बाहेर पडतात हे त्याला माहीत होतं. खरकट्या ताटांच्या गाड्या आत आल्या. हातमोजे न घालताच त्याने एकेक कप्पा ओढून पाहिला.

सव्विसावी रांग, कडेची सीट. ताट लख्ख. शीत म्हणून उरलं नव्हतं. आणि पिळलेली लिंबाची फोड ताटाच्या कडेला पालथी घातलेली, आई आयुष्यभर घालायची तशीच.

"जेवल्या?" दाढीवाल्याने मागून विचारलं.

साहेबाने ते ताट त्याच्यासमोर धरलं. त्याला रडू येत होतं, आणि ते लपवावंसंही वाटत नव्हतं. दाढीवाल्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बाहेर येणाऱ्यांच्या दारात तो धावतच पोचला. आई वाळली होती. गळ्यात कार्ड, मांडीवर शाल, आणि मागे ढकलगाडीवर दोन मोठाल्या बॅगा. घरातलं तिचं सगळंच भरून पाठवल्यासारख्या. तो पाया पडायला वाकला. तिने डोक्यावर हात ठेवला. किती वर्षांनी!

"जेवलीस ना नीट?"

"जेवले हो. फार छान होतं. भात अगदी मऊ."

आता सांगून टाकावं. त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"आई, ते मी केलं होतं. माझ्या हाताने."

तो तिच्या ओरडण्याची वाट बघत राहिला. पण आईचा चेहरा उजळला.

"तुम्ही केलंत? चव आहे हो तुमच्या हाताला."

मग तिने इकडेतिकडे पाहिलं, त्याला जवळ ओढलं आणि हळूच कानात सांगितलं, "तुम्ही भले दिसता म्हणून सांगते. मला माझ्या मोठ्या मुलाकडे नेतायत. तिथे आधीच सांगून ठेवा, मला कुणी जेवायचा आग्रह करायचा नाही. त्याच्या हातचं मी पाणीसुद्धा पीत नाही."